ज्याचं नाव उसवायचं, त्याला

गोष्ट २०१९ सालची. त्या वर्षी मार्च संपता संपता बहरीनमध्ये एका सकाळी पाऊस आला. तिथला पाऊस म्हणजे काही आपल्या कोकणातला नव्हे. वर्षातून चार-दोनदा येतो, पण रस्त्यांना गटारंच नाहीत, त्यामुळे एकदा आला की पाणी जायचं नाव काढत नाही. जुफेरच्या गल्ल्यांत गुडघाभर पाणी साठलं. पाणी उपसणारे टँकर यायचे ते संध्याकाळी. तोवर दुकानांच्या पायऱ्या बुडालेल्या आणि दुकानदार आपापल्या दारात उभे राहून एकमेकांकडे बघत बसलेले.

त्यातलंच एक दुकान लतीफ टेलरचं. लतीफ मूळचे रत्नागिरीजवळच्या कर्ल्याचे. अमेरिकन नौदलाच्या तळाजवळ त्यांनी शिवणाचं आणि भरतकामाचं दुकान थाटलं होतं. युनिफॉर्मवर नावं, टोप्यांवर बिल्ले, जर्सीवर आकडे – असली कामं. त्या सकाळी ते गाडी अडकली म्हणून घरीच होते, झिंजला. दुकानात एकटी उमैमा होती, त्यांची मुलगी. वय चोवीस. नुकतीच लादी पुसून ती मशीनवर बसली होती, तेवढ्यात दार ढकलून एक माणूस आत आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एका हातात बूट, आणि डोक्यावर पांढरी गाठोड्यासारखी पिशवी.

"लाँड्री से आया हूँ," तो म्हणाला. "ये बॅग भीग गया तो मेरा नोकरी गया. मैं भीगा तो चलता है."

"उधर रखो," ती म्हणाली, आणि लादीवर पसरलेल्या पाण्याकडे बघत स्वतःशीच पुटपुटली, "आत्ताच पुसली होती, मेल्यानं..."

"मेल्याला फडकं द्या, पुसून देतो," तो म्हणाला. मराठीत. तेही म्हसळ्याच्या हेलात.

तिनं मान वर केली. त्याचे केस कपाळाला चिकटले होते आणि पाण्याचा एक थेंब नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला होता – पडू की नको असा. तिला हसू आलं. तिनं ते दाबलं आणि फडकं पुढे केलं. त्यानं खरोखरच लादी पुसली, दारापासून काउंटरपर्यंत, उलटा चालत.

त्याचं नाव ताहिर. लाँड्रीची गाडी तो चालवायचा, गिऱ्हाइकांचे कपडे नेणं-आणणं त्याच्याकडे. पिशवीत शुक्रवारच्या बेसबॉल लीगच्या जर्सी होत्या. तळावर कंत्राटी कामाला असलेले वॉल्टर साहेब ही लीग चालवायचे. अमेरिकन, फिलिपिनो, दोन-तीन जपानी, आणि माणसं कमी पडली की कोणीही.

"ही निळी बघा," ताहिरनं एक जर्सी काढली. "रामोसचं नाव उसवायचं आणि इथं दुसरं घालायचं. रामोसला दिलं लाल टीमला. त्याच्या बदली दोघं घेतले."

"दिलं म्हणजे?"

"ट्रेड. अदलाबदल."

"आणि रामोसला विचारलं?"

ताहिर हसला. "खेळाडूला कोण विचारतं?"

उमैमानं जर्सी उलटी केली. नाव तिनंच घातलं होतं, दोन महिन्यांपूर्वी. घट्ट, एकसारखे टाके. "ज्याचं नाव उसवायचं त्याला तरी विचारायला हवं ना," ती म्हणाली.

"विचारत बसलं तर टीम कशी चालणार?"

"माणसं विचारून चालतात. बकरे न विचारता."

बूट हातात घेऊन तो पाण्यात उतरला आणि गल्लीच्या टोकाशी पोचल्यावर त्यानं एकदा मागे वळून बघितलं. ती काचेआड उभीच होती.

*

सोमवारी आणि गुरुवारी लाँड्रीची गाडी यायची. पूर्वीही यायची; पण पूर्वीचा ड्रायव्हर पिशवी टाकून जायचा. ताहिर थांबायचा.

दुकानात एक टीव्ही होता. गिऱ्हाईक अमेरिकन, म्हणून लतीफ त्यावर दिवसभर त्यांचंच खेळाचं चॅनल लावून ठेवायचे. रात्री झालेले सामने सकाळी पुन्हा दाखवायचे. नावं भरता भरता उमैमाला तो खेळ कळायला लागला होता, आणि कळता कळता आवडायला. तिला एक म्हातारासा पिचर आवडायचा – पिचर म्हणजे चेंडू फेकणारा. छातीपर्यंत दाढी, चेंडू टाकण्याआधी टोपी काढून कपाळ पुसायची सवय. तिनं त्याचं नाव ठेवलं होतं दाढीमामू.

ताहिरला बेसबॉल वॉल्टर साहेबांनी शिकवला होता. पण त्याला मैदानापेक्षा मैदानामागचा खेळ आवडायचा. कोणाला घेतलं, कोणाला सोडलं, कोणाला किती पगार, मॅनेजरचं डोकं ठिकाणावर आहे का.

"मामूला काढणार," एका गुरुवारी तो आत येता येता म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"सगळे म्हणतात. अडतीस वर्षांचा झालाय. पगार बघ त्याचा – तेवढ्यात तीन पोरं येतील, खांदे शाबूत असलेली."

"त्या तीन पोरांना टाकायला शिकवलं कोणी? मामूनंच ना?"

"शिकवलं त्याचे मिळाले की. अगं, सगळ्यांचा मिळून पगार एका हद्दीबाहेर गेला की मालकाला वर दंड भरावा लागतो. मालकानं बघायचं कोणाकडे? एका दाढीकडे, की टीमकडे?"

"म्हणजे अब्बांचे डोळे आता सुईत दोरा ओवत नाहीत. तू मालक असतास तर त्यांना पण दिलं असतंस कोणाला तरी."

कोपऱ्यात मापं घेत बसलेल्या लतीफनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्ही दोघं कोणाच्या बापाचे पैसे मोजताय?" ते म्हणाले. "त्या दाढीवाल्याला ठाऊक तरी आहे का, जुफेरमध्ये त्याच्यावरून भांडणं चाललीत म्हणून?"

ताहिर ओशाळला. पिशवी उचलून दाराशी गेला. मग हळूच म्हणाला, "अब्बांच्या बदल्यात मी काय मागून घेतलं असतं, ते नाही विचारलंस."

"काय?"

"गुरुवारी सांगतो."

"आज गुरुवारच आहे."

"मग पुढच्या."

पुढच्या गुरुवारीही त्यानं सांगितलं नाही. उमैमानंही विचारलं नाही. पण गाडीचं दार वाजलं की तिचा पाय मशीनच्या पायट्यावर आपोआप थांबायला लागला, आणि एकदा अम्मीनं – जुबैदानं – तिला सकाळी सोमवार आहे का म्हणून कॅलेंडर बघताना पकडलं. अम्मी भाजी निवडत राहिली.

*

रमझानच्या आधी लीगचा शेवटचा सामना होता. सखीरच्या वाटेवर एक रेताड मैदान होतं, तिथं. वॉल्टर साहेबांनी लतीफना सहकुटुंब बोलावलं. जर्सी तुमच्या हातच्या, तुम्ही बघायला हवंच म्हणाले. लतीफ आणि जुबैदा गाडीत एसी लावून बसले. उमैमा जाळीपाशी जाऊन उभी राहिली.

निळ्या टीमला एक माणूस कमी होता म्हणून ताहिरला घेतलं होतं. त्याला लांबच्या कोपऱ्यात उभं केलं होतं, जिथं चेंडू शक्यतो येत नाही. त्याच्या पाठीवर उमैमानं आदल्या दिवशी नाव घातलं होतं – देवनागरीत. त्या दोघांशिवाय मैदानावर ते नाव वाचता येणारं कोणी नव्हतं. ताहिरनं ते बघून टाक्यांवरून बोट फिरवलं होतं. "पंचांना कसं कळणार?" एवढंच म्हणाला होता.

"पंचांसाठी नाही घातलेलं," ती म्हणाली होती.

एकच चेंडू त्याच्याकडे आला. तो आकाशात बघत मागे मागे धावला, आणि चेंडू त्याच्या पुढे सहा हातांवर पडला. सगळे हसले. उमैमाही हसली, मग तिला वाटलं, आपण हसायला नको होतं, आणि तिनं जाळीची तार घट्ट धरली. उन्हानं ती तापलेली होती.

सामना संपल्यावर वॉल्टर साहेब थंड पाण्याची बाटली घेऊन तिच्यापाशी आले. ताहिरनं त्यांना सांगून ठेवलं होतं की ही मुलगी मालकांच्या विरुद्ध आहे.

"पण एक नियम तुला आवडेल," ते इंग्रजीत म्हणाले. "तुझ्या दाढीवाल्याला तो लागू आहे. जो दहा वर्षं मोठ्या लीगमध्ये खेळलाय, आणि त्यातली शेवटची पाच एकाच टीममध्ये, त्याला त्याच्या मर्जीशिवाय कुठं धाडता येत नाही. तो नाही म्हणू शकतो."

"खरंच?" उमैमा ताहिरकडे वळली. "तू हे कधी सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर मी भांडणात हरलो असतो," ताहिर म्हणाला. त्याच्या भुवयांवर रेती बसली होती. "आणि मला भांडण संपवायचं नव्हतं."

त्या संध्याकाळी घरी येताना लतीफ गाडी चालवत फोनवर बोलत होते. पलीकडे त्यांचे मोठे भाऊ, यासीनचाचा, रत्नागिरीहून. बागेचं, आंब्याचं, पावसाचं बोलणं झालं. मग लतीफ म्हणाले, "हमझाचं ना? हो, हो. माझ्या ध्यानात आहे. शब्द दिलाय तो दिलाय. इंशाल्ला." हमझा म्हणजे यासीनचाचांचा मुलगा, ज्याला उमैमा द्यायचं ठरलं होतं. दुकान उभं करताना यासीनचाचांनी बागेचा तुकडा विकला होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्याबद्दल कोणी बोलायचं नाही.

मागच्या सीटवर उमैमानं खिडकीला कपाळ टेकवलं. काच थंड होती, बाहेर वाळू, वाळू आणि तेलाच्या नळ्या. पहिल्यांदाच तिच्या मनात आलं – मला विचारलंय कोणी?

ताहिर बोलेल, असं तिला वाटत होतं. ताहिर बोलला की आपण बोलू.

*

ईदच्या दिवशी ताहिर झिंजच्या घरी आला. पांढरा कुर्ता, हातात मिठाईचा डबा. उमैमानं शिरखुर्मा केला होता. तिनं वाटी पुढे केली तेव्हा त्यानं ती घाईनं घेतली आणि दूध बशीत सांडलं.

"कोपऱ्यात उभं करायला हवं तुला," ती हळूच म्हणाली.

तो हसला नाही. त्यानं लतीफना विचारलं, "चाचा, जरा बाहेर बोलू का?"

दोघं गॅलरीत गेले. काचेचं दार ओढून घेतलं. उमैमाला आतून दिसत होतं – अब्बांची पाठ, ताहिरचा चेहरा, आणि वरच्या मजल्यावरच्या एसीचं पाणी कठड्यावर टपटप पडताना. ताहिर बोलत होता, मान खाली घालून. अब्बा ऐकत होते. मग अब्बा बोलले. बराच वेळ. शेवटी त्यांनी ताहिरच्या खांद्यावर हात ठेवला, आणि ताहिरनं मान डोलावली. एकदा, दोनदा... जसा एखादा खेळाडू मॅनेजरपुढे डोलावतो.

लाँड्रीच्या दरांचं काहीतरी असेल, तिला वाटलं. दर वाढवायचं चाललंय असं अब्बा म्हणत होते खरे.

ताहिर आत आला, अम्मीला सलाम केला, आणि गेला. जाताना त्यानं उमैमाकडे बघितलं नाही. वाटीतला शिरखुर्मा तसाच होता.

त्यानंतरच्या सोमवारी पिशवी घेऊन दुसराच कोणीतरी आला. शंभू त्याचं नाव, कराडकडचा, बोलका. "ताहिरभाईला आत घेतलंय, धुलाईवर," म्हणाला. "स्वतःच मागून घेतली ड्यूटी. एवढ्या उन्हाळ्यात वाफेत कोण जातं मागून? पण गेला."

जुलै आला. बहरीनचा जुलै म्हणजे हवाच ओली होते. काचा बाहेरून घामेजतात आणि समोरची गल्ली धुकट दिसते. उमैमा नावं भरत राहिली, उसवत राहिली. नाव उसवल्यावर कापडात बारीक भोकं राहतात. त्यावर वाफेची इस्त्री धरायची आणि नखानं हलके हलके घासायचं, मग धागे जवळ येतात, भोकं बुजतात. तिच्याइतकं हे काम कोणाला जमायचं नाही. टीव्हीवर मामू खेळत होता, हरत होता, टोपी काढून कपाळ पुसत होता. त्याच्याबद्दल भांडायला कोणी नव्हतं.

फोन करायचा, असं तिनं कितीदा ठरवलं. नंबर काढायची, आणि ठेवून द्यायची. ज्यानं कपड्यांच्या पिशवीबरोबर येणंसुद्धा सोडलं, त्याला आपण काय म्हणून विचारायचं?

*

अमेरिकेत जुलैअखेरीनंतर त्या मोसमात खेळाडूंची अदलाबदल करता येत नाही. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वॉल्टर साहेब स्वतः दुकानात आले. हातात पिशवी होती.

"तुझा मामू गेला," ते म्हणाले.

उमैमाची सुई थांबली. "दिला त्यांनी? पण तो तर नाही म्हणू शकत होता."

"म्हणू शकत होता. म्हणून तर त्याला बोलावून घ्यावं लागलं. समोर बसवलं. विचारलं. तो हो म्हणाला."

"का?"

वॉल्टर साहेबांनी खांदे उडवले. "विचारलं म्हणून असेल. कोणास ठाऊक. माणूस विचारल्यावर पुष्कळ गोष्टींना हो म्हणतो."

मग त्यांनी पिशवी काउंटरवर उपडी केली. इथल्या लीगचा नवा मोसम ऑक्टोबरात सुरू होणार होता. काही नावं बदलायची होती. एकेक जर्सी ते बाजूला ठेवत गेले. शेवटी निळी एक राहिली. त्यांनी ती तिच्याकडे सरकवली.

"आणि ही. ही तुमच्या अक्षरातली आहे."

पाठीवर तिचेच टाके होते. ताहिर.

"तो ओमानला चाललाय," वॉल्टर साहेब म्हणाले. "लाँड्रीची तिकडं शाखा आहे, सोहारला. त्यानंच बदली मागितली. व्हिसा कॅन्सल झालाय, उद्या सकाळचं विमान. मला वाटलं, तुला माहीत असेल."

त्यांच्यामागे दार बंद झालं तरी उमैमा तशीच उभी होती. मग तिनं बारीक कात्री हातात घेतली. पहिल्या टाक्याखाली टोक घातलं... आणि काढून घेतलं. जर्सी ड्रॉवरमध्ये टाकली आणि घरी फोन लावला.

"अम्मी, ईदला गॅलरीत काय बोलणं झालं?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग जुबैदा म्हणाली, "तुला मागायला आला होता गो तो. तुझ्या अब्बांनी सांगितलं, हमझाला शब्द दिलाय. आणि म्हणाले, तू चांगला पोरगा असशील तर तिला यातलं काही सांगू नकोस, तिचं मन दोन ठिकाणी जाईल. तो म्हणाला, बरं." ती थांबली. "मी तुला सांगणार होते. रोज सांगणार होते..."

*

लाँड्रीच्या मागच्या बाजूला एक अरुंद अंगण होतं. भिंतीतून एक पाइप बाहेर आला होता आणि त्यातून सारखी वाफ निघत होती. दुपारची वेळ. ताहिर दारात उभा होता. उमैमाला बघून त्यानं हातातला टॉवेल खाली ठेवला, मग पुन्हा उचलला.

"अब्बांशी बोललास तू," ती म्हणाली.

"हो."

"आणि मला एका शब्दानं..."

"मोठ्यांशीच बोलायचं असतं, उमैमा. आपल्यात कोण मुलीला जाऊन विचारतं? मी सरळ मार्गानं गेलो. म्हटलं, चोरून काही नको."

"तू मालकाशी बोललास," ती म्हणाली. "खेळाडूशी बोललाच नाहीस."

त्यानं मान खाली घातली. वाफ दोघांच्या मधून वर जात होती, आणि तिच्यापलीकडे त्याचा चेहरा पुसट व्हायचा, पुन्हा दिसायचा.

"चाचांनी शब्द दिला होता," तो म्हणाला. "त्यांच्या भावानं बाग विकली होती. त्यांचं पण काही चुकीचं नव्हतं. आणि माझ्या पगारात फॅमिली व्हिसासुद्धा होत नाही. मी म्हटलं... मालकानं बघायचं कोणाकडे?"

"सगळ्यांच्या बाजूनं विचार केलास."

"तुझ्यापण."

"माझ्या बाजूनं केलास. मला विचारून नाही केलास."

आतून कोणीतरी त्याला हाक मारली. त्यानं ओ दिली नाही. "तुला विचारलं असतं," तो हळूच म्हणाला, "तर काय म्हणाली असतीस?"

"आता विचारतोयस?"

त्यानं टॉवेलची घडी घातली, पुन्हा मोडली.

"आता नको विचारू," उमैमा म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. त्याचंच तिला नवल वाटलं. "मी हो म्हणेन, आणि तू उद्या विमानात बसशील. मग मी त्या होचं काय करू?"

"मी परत येईन."

"आलास की विचार. मला विचार."

"अब्बांच्या बदल्यात काय मागितलं असतं, ते तरी सांगू?"

"ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "तू लादी पुसलीस तेव्हा."

तेव्हा कुठं तो हसला. त्याच्या नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब आला होता. या वेळी तिनं हात पुढे केला आणि ओढणीच्या टोकानं तो टिपला. तेवढाच काय तो त्यांचा स्पर्श. आतून पुन्हा हाक आली – "ताहिरभाई, यल्ला, चला" – आणि तो आत गेला.

ती दुकानात परतली तेव्हा लतीफ मशीनवर होते. ती त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली.

"अब्बा, मला इथं येऊन दहा वर्षं झाली. दुकानात बसायला लागले त्याला पाच."

"मग?"

"मग मला नाही म्हणता येतं."

आणि तिनं त्यांना तो सगळा नियम सांगितला. लतीफनी मशीन थांबवून ऐकला. बेसबॉलचं एक अक्षर त्यांनी कधी डोक्यात घेतलं नव्हतं.

"हे कोणी ठरवलं?" त्यांनी विचारलं.

"खेळाडूंनी. मालकांशी भांडून घेतलं."

"तुझ्या चाचाला मी काय सांगू, बेटा?"

"सांगा, तिला विचारलं, आणि ती नाही म्हणाली."

"मी कुठं विचारलं?"

"मग विचारा ना."

टीव्हीवर दुसरीच कुठली तरी मॅच चालू होती. लतीफनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. आयुष्यात पहिल्यांदाच असलं काही तोंडातून काढायचं होतं, त्यांना जड गेलं.

"हमझाशी लग्न करशील?"

"नाही, अब्बा."

त्यांनी मान डोलावली. एकदा, दोनदा. मग मशीन सुरू केलं, पण सुईत दोरा नव्हता, आणि बराच वेळ ते तसंच कापड पुढे सरकवत राहिले.

*

यासीनचाचा वर्षभर बोलले नाहीत. मग बोलायला लागले. हमझाचा मात्र आठवड्याभरात फोन आला होता. "बरं केलंस," म्हणाला, "मला पण कोणी विचारलं नव्हतं." त्याचं चिपळूणच्या नाझिशवर मन होतं, तिच्याशीच लग्न झालं. दर वर्षी मे महिन्यात कोणी ना कोणी बहरीनला येणारा गाठून तो उमैमासाठी आंब्याची पेटी धाडतो.

वॉल्टर साहेब २०२० मध्ये मायदेशी गेले. लीग बंद पडली. सखीरच्या वाटेवरच्या त्या मैदानाला आता कुंपण घातलंय.

दाढीमामू नव्या टीमकडून एक मोसम खेळला आणि थांबला. पुष्कळ म्हणाले, त्याला देऊन टाकलं ते बरोबरच झालं. पुष्कळ म्हणाले, नाही.

लतीफना २०२० च्या फेब्रुवारीत अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला. मग करोना आला, जुफेरचं दुकान भाड्याला परवडेना. उमैमानं दोन मशीन घेऊन बुसैतीनला छोटं दुकान टाकलं, आणि आई-वडिलांना घेऊन दुकानावरच राहायला गेली.

सोहारची शाखा बंद झाली तशी ताहिरला म्हसळ्याला परतावं लागलं. जूनमधल्या वादळात त्याच्या घराचे पत्रे उडाले. आई आणि धाकटी बहीण शेजाऱ्यांकडे राहत होत्या. जुलैत एका दुपारी त्याचा फोन आला. मागे पावसाचा आवाज होता – आपल्याकडचा, न थांबणारा.

"येता तर येत नाही," तो म्हणाला. "पण तू म्हणाली होतीस, मला विचार. म्हणून विचारतो. उमैमा, माझ्याशी लग्न करशील? इथं येशील?"

ती खुर्चीवर बसली. आतल्या खोलीत अम्मी अब्बांना चमच्यानं पेज भरवत होती. अब्बांच्या गळ्याखाली टॉवेल बांधलेला होता. उमैमानं दोन दिवस मागितले. दोन दिवस तिनं मशीनवर बसून काढले. तिसऱ्या दिवशी तिनं फोन लावला आणि नाही म्हणाली. मग म्हणाली, "तू विचारलंस, ताहिर. म्हणून मला नाही म्हणता आलं. नाहीतर नुसतंच राहिलं असतं."

"मागच्या वर्षी विचारलं असतं तर?"

"तर हो."

फोन कोणीच आधी ठेवला नाही. त्याच्याकडे पाऊस पडत होता, तिच्याकडे एसीचं पाणी.

ताहिरनं म्हसळ्याच्या बाजारात लाँड्री टाकली आहे. त्याच्या मामेबहिणीशी, नूरबानोशी, त्याचं लग्न झालं. लग्नाआधी त्यानं स्वतः जाऊन तिला विचारलं, याची गावात फार दिवस थट्टा झाली. एक मुलगी आहे, लाईबा. बरं चाललंय त्याचं.

लतीफ २०२२ मध्ये गेले. जुबैदा दुकानात बसते, बटणं लावते, गिऱ्हाइकांशी बोलते. उमैमानं लग्न केलं नाही. तिला मागणी आली नाही असं नाही. विचारलं सगळ्यांनी.

बुसैतीनच्या दुकानात आता शाळांच्या, क्लबांच्या, कंपन्यांच्या जर्सी येतात. कोणी म्हणतं, हे नाव काढायचं, त्या जागी दुसरं घालायचं. उमैमा जर्सी उलटी करते, टाके बघते, आणि कात्री उचलण्याआधी, आता तिलाही लागलेल्या चष्म्यावरून बघत, विचारते, "ज्याचं नाव उसवायचं, त्याला विचारलंय का?"

गिऱ्हाईक हसतं. पोरं तर हमखास हसतात. कोणी म्हणतं, हो, विचारलंय. मग ती काम हाती घेते. कोणी म्हणतं, त्याला कशाला विचारायचं? तेव्हा ती जर्सी परत त्याच्यापुढे सरकवते, आणि म्हणते, "विचारून या. मी इथंच आहे."